वाचकांचे प्रश्न : दिसणारं अक्षर ऐकू का येत नाही?

तुमच्या कार्यालयातून, शाळेतून, संस्थेतून निघणारी डिजिटल कागदपत्रं अंध, अल्पदृष्टी, कर्णबधिर किंवा हात नीट न चालणाऱ्या माणसांना वापरता येतात का, आणि कुठे अडतं, असं आम्ही मागच्या अंकात विचारलं होतं. किनारपट्टीवरून बरीच पत्रं आली. सारख्या अडचणीची पत्रं एकत्र करून इथे उत्तरं देत आहोत.

प्रश्न : ग्रामसभेची सूचना आम्ही वर्डमध्ये टाइप करतो, छापतो, सही-शिक्का झाला की मोबाइलवर स्कॅन करून पीडीएफ गावाच्या ग्रुपवर टाकतो. गावातले एक अंध गृहस्थ सांगतात की त्यांचा फोन त्यातलं काहीच वाचत नाही. फाइल तर उघडते. मग चुकतं कुठे?
— ग्रामपंचायत कर्मचारी, गुहागर तालुका

उत्तर : टाइप करेपर्यंत सगळं ठीक आहे, बिघडतं ते स्कॅन करताना. स्कॅनमध्ये अक्षरं जात नाहीत, कागदाचा फोटो जातो. डोळ्यांना दोन्ही सारखंच दिसतं. पण फोनमधला टॉकबॅक किंवा संगणकावरचा एनव्हीडीए हे स्क्रीन रीडर फाइलमध्ये साठवलेली अक्षरं उचलून बोलतात. अक्षरंच नसली तर फार तर पानाचा क्रमांक सांगतात आणि गप्प बसतात.

तुमची फाइल कोणत्या प्रकारची आहे ते अर्ध्या मिनिटात कळतं. पीडीएफ उघडा, कंट्रोल आणि एफ दाबून सूचनेतला एखादा शब्द शोधा. सापडला नाही तर मजकुरावर माउस ओढून पाहा. ओळी एकेक करून निळ्या होण्याऐवजी अख्खं पान एका चौकोनासारखं निवडलं गेलं किंवा काहीच निवडलं गेलं नाही, तर तो फोटो आहे.

यात बरी गोष्ट अशी, की खरा मजकूर तुमच्याच संगणकात वर्डच्या फाइलमध्ये आहे. सही-शिक्क्याचं स्कॅन दप्तरासाठी ठेवा, हवं तर ग्रुपवरही टाका. पण त्याच्यासोबत वर्डमधून थेट काढलेली पीडीएफ टाका. तिच्या शेवटी एक ओळ लिहा : ‘सही व शिक्क्याची मूळ प्रत कार्यालयात उपलब्ध आहे, जावक क्रमांक अमुक, दिनांक अमुक.’ डिजिटल सही वापरत असाल तर स्कॅनची गरजच उरत नाही. फक्त फाइलमधल्या सगळ्या दुरुस्त्या सहीच्या आधी करा. नंतर काही बदललं की सही अवैध दाखवली जाते.

वर्डमधून पीडीएफ काढताना ‘प्रिंट’मध्ये जाऊन ‘मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ’ निवडू नका. त्या वाटेने अक्षरं जातात, पण कोणतं शीर्षक, कोणता तक्ता, कोणती यादी ही माहिती गळून पडते. ‘फाइल’, ‘सेव्ह ॲज’, प्रकार ‘पीडीएफ’, मग ‘ऑप्शन्स’ उघडा आणि ‘डॉक्युमेंट स्ट्रक्चर टॅग्ज फॉर ॲक्सेसिबिलिटी’ समोर टिक आहे ना ते पाहा. लिबरऑफिस असेल तर ‘फाइल’, ‘एक्स्पोर्ट ॲज’, ‘एक्स्पोर्ट ॲज पीडीएफ’ आणि तिथे ‘टॅग्ड पीडीएफ’ला टिक. नव्या आवृत्त्यांत तिथेच ‘पीडीएफ/यूए’ (दिव्यांगांना वापरता येईल अशा पीडीएफचं मानक) असाही पर्याय मिळतो, तो घ्या.

आता टाइप करण्याच्या सवयींबद्दल, कारण पाठवलेल्या नमुन्यात त्या दिसल्या. ‘सू च ना’ असं मध्ये स्पेसबार मारून लिहिलं आहे. स्क्रीन रीडरला ते तीन वेगळे तुकडे वाटतात. अक्षरं ऐसपैस हवी असतील तर शब्द अखंड टाइप करून ‘फॉन्ट’च्या खिडकीतलं ‘स्पेसिंग’ वाढवा. ‘विषय’ या शब्दापुढे दोन टिंबांचं चिन्ह म्हणून विसर्ग टाइप झाला आहे. कागदावर फरक कळत नाही, पण यंत्र ‘विषयह’ असं वाचतं. तिथे विरामचिन्हाच्या कळीवरचं खरं अपूर्णविराम चिन्ह हवं. ‘रु. ५००/-’ ऐवजी ‘५०० रुपये’ लिहा, ‘०५/०९’ ऐवजी ‘५ सप्टेंबर’. आणि सूचना चार ओळींचीच असेल तर पीडीएफचा खटाटोप कशाला? ग्रुपवर साध्या मजकुराचा संदेश टाका. सगळ्यांच्या फोनवर, सगळ्या आवाजांत तो वाचला जातो.

प्रश्न : आमच्याकडे स्मरणिका आणि छोटे अंक पेजमेकरमध्ये, जुन्या मराठी फॉन्टमध्ये लागतात. पीडीएफ स्कॅन केलेली नसते, मजकूर निवडताही येतो. तरी एका अंध वर्गणीदारांनी कळवलं की त्यांचा संगणक अगम्य इंग्रजी अक्षरं बडबडतो. असं का?
— मुद्रण व्यावसायिक, रत्नागिरी

उत्तर : वर्गणीदारांचा संगणक बरोबर बोलतो आहे. फाइलमध्ये खरोखरच इंग्रजी अक्षरं आहेत. युनिकोडच्या आधीच्या फॉन्टांनी इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी आकार बसवले होते. कृतिदेव या तशाच एका फॉन्टमध्ये ‘मराठी’ असं दिसतं तेव्हा फाइलमध्ये ई, जे, के, मोठा बी आणि एच ही पाच रोमन अक्षरं असतात. म, र, काना, ठ, दुसरी वेलांटी हे त्यांना चढवलेले मुखवटे. स्क्रीन रीडरला मुखवटा दिसत नाही. गूगललाही दिसत नाही, म्हणून तुमचा अंक शोधूनही सापडत नसणार.

यावर उपाय एकच : मजकूर युनिकोडमध्ये आणणं. युनिकोडमध्ये प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे, मग फॉन्ट मंगल असो, निर्मला असो की नोटो सान्स देवनागरी. पेजमेकरला युनिकोड कळतच नाही. त्याची शेवटची मोठी आवृत्ती २००१ ची. तेव्हा मांडणी इनडिझाइन, लिबरऑफिस किंवा स्क्रायबसच्या नव्या आवृत्तीत न्यावी लागेल. इनडिझाइनमध्ये परिच्छेदाला ‘ॲडोबी वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोझर’ लावायला विसरू नका, नाहीतर वेलांट्या आणि जोडाक्षरं विस्कटतात.

जुना मजकूर बदलायला रूपांतरक मिळतात. त्यांच्यावर डोळे मिटून विसंबू नका. जुन्या फॉन्टांत पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप व्हायची, युनिकोडमध्ये ती नंतर येते. रूपांतरक तिला उचलून पुढे नेतो, पण जोडाक्षर आलं की काही वेळा अर्ध्यावरच सोडतो आणि ‘स्थिती’चं भलतंच काही होतं. मजकुरातले खरे इंग्रजी शब्द, ईमेलचे पत्ते यांचंही तो ‘मराठी’ करून टाकतो. ते आधी बाजूला काढून ठेवा. रफाराची तर खास तपासणी हवी. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या. आपल्याकडे दोन्ही आहेत आणि एकाच लेखात येतात. दुसऱ्या शब्दातला ‘ऱ’ हे युनिकोडमध्ये वेगळं अक्षर आहे, इन्स्क्रिप्ट या कळफलकाच्या मांडणीत शिफ्ट आणि जे दाबून मिळतं. तो आकार ‘र’, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह वापरूनही काढता येतो आणि हुबेहूब तसाच दिसतो, पण शोधताना दोन वेगळे शब्द धरले जातात. ‘ॲ’चंही तसंच : ते एक स्वतंत्र अक्षर आहे, ‘अ’वर चंद्र चढवून केलेलं नव्हे. संपूर्ण अंकात एकच पद्धत ठेवा.

इतकं करूनही एक अडचण राहते. ती बहुतेकांना माहीत नसते म्हणून थोडं सविस्तर सांगतो. पीडीएफ ही मुळात छपाईसाठी जन्मलेली गोष्ट. ती पानावर कोणता आकार कुठे ठेवायचा हे लिहून ठेवते आणि शेजारी एक कोष्टक ठेवते, कोणत्या आकाराचं अक्षर कोणतं त्याचं. इंग्रजीत एक आकार म्हणजे एक अक्षर, त्यामुळे भागतं. मराठीत ‘कि’ काढताना वेलांटीचा आकार आधी ठेवला जातो आणि ‘क’ नंतर. मग त्याच क्रमाने मजकूर परत उचलला की ‘किनारा’चा ‘िकनारा’ होतो. ‘क्ष’, ‘त्र’ किंवा रफाराच्या जोडआकाराला कोष्टकात नोंदच नसली तर तिथे रिकामा चौकोन येतो. छापील प्रतीत यातलं काहीही दिसत नाही, म्हणून मुद्रितशोधनात ते सापडत नाही.

तेव्हा अंक बाहेर सोडण्यापूर्वी पीडीएफमधला एक परिच्छेद कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवा. ‘किनारा, स्थिती, वाऱ्यावर, गुऱ्हाळ, मार्ग, क्षेत्र, ज्ञान, ॲप’ हे शब्द असलेली एक ओळ मुद्दाम तयार ठेवा, प्रत्येक नव्या फॉन्टवर तीच चालवा. चाचणी ॲडोबी रीडरमध्ये आणि ब्राउझरमध्ये अशी दोन्हीकडे करा, कारण काही वाचक-प्रोग्रॅम क्रम स्वतःहून सावरतात आणि काही नाही. मजकूर बिघडत असेल तर फॉन्ट बदलून पाहा, दुसऱ्या प्रोग्रॅममधून पीडीएफ काढून पाहा. तरीही जमलं नाही तर पीडीएफसोबत ईपब (ई-पुस्तकाची फाइल) किंवा वर्डची फाइल द्या. ईपबच्या आत वेबपानासारखा मजकूर असतो, अक्षरं टाइप झाली त्याच क्रमाने राहतात. आमच्या मते अंध वर्गणीदारांसाठी मराठी ईपब हीच पहिली पसंती असावी आणि पीडीएफ दुसरी.

प्रश्न : माझ्या वर्गात एक अंध आणि एक अल्पदृष्टी विद्यार्थी आहे. टिपणं आणि प्रश्नपत्रिका मी वर्डमध्ये करते. त्यांच्यासाठी नेमकं काय बदलू? भूगोलात नकाशे फार येतात.
— माध्यमिक शिक्षिका, दापोली

उत्तर : बाई, आधी शीर्षकं. तुम्ही शीर्षक ठळक करता, आकार मोठा करता. डोळ्यांना ते पुरतं. अंध विद्यार्थ्याला मात्र १२ पानांच्या टिपणात ‘खाड्या’ हा भाग गाठायला सुरुवातीपासून सगळं ऐकत बसावं लागतं. ओळीवर कर्सर ठेवून कंट्रोल, ऑल्ट आणि १ दाबा, म्हणजे ते ‘हेडिंग १’ होतं, उपशीर्षकाला २. मग तो एनव्हीडीएमध्ये इन्सर्ट आणि स्पेस दाबून ‘ब्राउझ मोड’ चालू केल्यावर एच ही एक कळ दाबत शीर्षकावरून शीर्षकावर उडी मारू शकतो. क्रम मोडू नका, १ नंतर थेट ३ आला की मधलं काहीतरी निसटलं असं ऐकणाऱ्याला वाटतं. दिसायला ते नको तसं असेल तर ‘स्टाइल’ एकदा बदलून ठेवा. पुढच्या पानावर जायला दहा वेळा एंटर मारण्याऐवजी कंट्रोल आणि एंटर. चौकटीतला मजकूर ‘टेक्स्ट बॉक्स’मध्ये घालू नका. तरंगत्या चौकटी पुष्कळदा भलत्याच जागी वाचल्या जातात किंवा वगळल्या जातात. परिच्छेदालाच किनार द्या.

भाषा नेमून द्या : सगळा मजकूर निवडून ‘रिव्ह्यू’, ‘लँग्वेज’, ‘सेट प्रूफिंग लँग्वेज’, तिथे मराठी. मधली इंग्रजी वाक्यं वेगळी निवडून त्यांना इंग्रजी लावा, म्हणजे आवाज योग्य तिथे बदलतो.

नकाशासाठी चित्रावर उजवी क्लिक करून ‘ऑल्ट टेक्स्ट’ उघडा, म्हणजे स्क्रीन रीडर वाचून दाखवतो ते चित्राचं वर्णन. तिथे ‘कोकणचा नकाशा’ एवढंच लिहिलं तर विद्यार्थ्याच्या हाती काही लागत नाही. नकाशा धड्यात ज्या कामासाठी आला आहे, ते लिहा. उदाहरणार्थ : ‘कोकणच्या पश्चिमवाहिनी नद्या, उत्तरेकडून दक्षिणेकडे. सावित्री बाणकोटच्या खाडीला, वाशिष्ठी दाभोळच्या, शास्त्री जयगडच्या आणि काजळी भाट्याच्या खाडीला मिळते.’ हेच चित्र प्रश्नपत्रिकेत असेल तर मात्र उत्तर फोडू नका : ‘किनाऱ्यावर उत्तरेकडून दक्षिणेकडे अ, ब, क, ड अशी चार नदीमुखं दाखवली आहेत; अ हे बाणकोटजवळ आहे.’ नकाशा फार दाट असेल तर ऑल्ट टेक्स्ट दोन वाक्यांत आटपून खाली परिच्छेदात पूर्ण वर्णन द्या. ते बाकीच्या मुलांनाही उपयोगी पडतं. नुसत्या सजावटीच्या वेलबुट्टीला ‘मार्क ॲज डेकोरेटिव्ह’ करा.

गणिताची सूत्रं फोटो काढून चिकटवू नका. ऑल्ट आणि बरोबरचं चिन्ह दाबून वर्डचा समीकरणाचा चौकोन उघडतो, त्यात टाइप करा.

अल्पदृष्टी मुलासाठी वेगळी प्रत काढा. १८ पॉइंटपासून सुरुवात करा आणि पुढचं त्यालाच विचारा, कारण प्रत्येकाची गरज वेगळी असते. तिरपी अक्षरं नकोत. मजकूर डावीकडे सरळ ठेवा. दोन्ही बाजू सरळ केल्या की शब्दांमध्ये वेडीवाकडी भोकं पडतात आणि नजर ओळ सोडते. ओळींमधलं अंतर १.५ हवं. देवनागरीत खालून उकार आणि वरून मात्रा-अनुस्वार येतात, ओळी दाटल्या की ते एकमेकांत घुसतात आणि पहिला उकार की दुसरा हे कळेनासं होतं. ए-४ कागद ए-३ वर मोठा करून देण्यापेक्षा फाइल देणं बरं.

शेवटी ‘रिव्ह्यू’मधलं ‘चेक ॲक्सेसिबिलिटी’ चालवा. ते राहिलेलं ऑल्ट टेक्स्ट, शीर्षकाची ओळ नसलेले तक्ते दाखवतं. वर्णन बरोबर आहे की नाही हे त्याला कळत नाही, ते तुम्हालाच पाहावं लागेल.

पाठ्यपुस्तकातला धडा टाइप करून देण्याने स्वामित्वहक्काचा भंग होईल अशी शंका तुम्ही पत्राच्या शेवटी विचारली आहे. २०१२ च्या दुरुस्तीनंतर स्वामित्वहक्क कायद्याच्या कलम ५२(१)(झेडबी) प्रमाणे दिव्यांग व्यक्तीच्या शिक्षणासाठी किंवा वैयक्तिक वापरासाठी सुगम्य, म्हणजे त्यांना वापरता येईल अशी, प्रत करता येते. नफ्यासाठी नसावी आणि सर्वसाधारण विक्रीत जाऊ नये, एवढी काळजी घ्या. २०१६ साली सुरू झालेलं ‘सुगम्य पुस्तकालय’ या ऑनलाइन ग्रंथालयातही विद्यार्थ्याचं नाव नोंदवून ठेवा; हवं ते पुस्तक आधीच तयार असू शकतं.

प्रश्न : मी पूर्ण अंध आहे. संगणकावर इंग्रजी ऐकू येतं, मराठी फाइल उघडली की शांतता. आणि सरकारी कागद तर सगळे स्कॅन. मी काय करू शकतो?
— वाचक, अलिबाग

उत्तर : शांततेचं कारण बहुधा आवाज हे आहे. इंग्रजी आवाजाला देवनागरी उच्चारता येत नाही, तो ती अक्षरं सरळ वगळतो. एनव्हीडीएमध्ये इन्सर्ट, कंट्रोल आणि एस दाबा, यादीतून ‘ईस्पीक एनजी’ घ्या. मग इन्सर्ट, कंट्रोल आणि व्ही दाबून आवाजाच्या यादीत ‘मराठी’ निवडा. आवाज यांत्रिक आहे, पहिले काही दिवस कानाला टोचेल. वेग कमी ठेवून सुरुवात करा. फोनवर सुगम्यतेच्या सेटिंगमध्ये ‘टेक्स्ट टू स्पीच’ उघडून गूगलच्या इंजिनात मराठीचा आवाज उतरवून घ्या. हिंदी आवाजही मराठी वाचतो आणि पुष्कळ जण तो वापरतात, पण ‘चांगला’मधला आपला च त्याला जमत नाही.

स्कॅन केलेल्या कागदातून अक्षरं काढायला ओसीआर लागतं. फाइल गूगल ड्राइव्हवर चढवा, तिच्या मेनूत ‘ओपन विथ’ आणि ‘गूगल डॉक्स’ निवडा. खाली मजकूर मिळतो. फाइल २ एमबीच्या आत असेल तर बरं, मोठी असेल तर पानं वेगळी करा. टेसरॅक्ट हा मोफत प्रोग्रॅमही मराठी ओळखतो आणि फाइल संगणकाबाहेर जात नाही, त्यामुळे आधार किंवा वैद्यकीय कागदांसाठी तोच वापरा. स्कॅन ३०० डीपीआयचं आणि सरळ असावं. ओसीआर घ-ध, भ-म, ब-व यांत गोंधळतं. शब्द असला तर तुम्ही संदर्भाने ओळखाल. आकड्यांना संदर्भ नसतो. ४ आणि ५, १ आणि ९ यांची अदलाबदल होते, म्हणून सातबाऱ्यावरचा गट क्रमांक, रक्कम, तारीख हे डोळस माणसाकडून एकदा ताडून घ्या.

पण हे सगळं तुम्ही करावं असं कायद्याला अपेक्षित नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ च्या कलम ४२ नुसार इलेक्ट्रॉनिक माध्यमातला मजकूर सुगम्य रूपात मिळेल यासाठी पावलं उचलणं ही शासनाची जबाबदारी आहे. सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ च्या निकालात सुगम्यतेचे किमान नियम नुसत्या मार्गदर्शक सूचना राहता कामा नयेत, बंधनकारक हवेत, असं सांगितलं. आणि ३० एप्रिल २०२५ च्या निकालात डिजिटल सेवा वापरता येणं हा घटनेच्या अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला. माहिती अधिकारात कागद मागत असाल तर अर्जातच २००५ च्या त्या कायद्याच्या कलम ७(४) चा उल्लेख करा : दृष्टी किंवा श्रवणाची अडचण असलेल्या अर्जदाराला माहिती घेता यावी म्हणून मदत करणं माहिती अधिकाऱ्याचं काम आहे. ‘मला स्कॅन नको, युनिकोड मजकूर असलेली वर्ड फाइल हवी’ असं नेमकं मागा. नकार आला तर लेखी घ्या आणि पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तालयात राज्य आयुक्तांकडे तक्रार करा.

प्रश्न : आमची मच्छीमार सोसायटी महिन्याचं भरती-ओहोटीचं वेळापत्रक फोटो म्हणून पाठवते. काही वयस्कर सभासदांना बारीक अक्षर दिसत नाही, एकाला अजिबात दिसत नाही. तक्ता मोठा आहे, कसा पाठवावा?
— सचिव, हर्णै बंदर परिसर

उत्तर : तक्ता म्हणून पाठवूच नका. फोनवर तक्ता ऐकताना ‘१६:३५’ हा आकडा कोणत्या तारखेचा आणि भरतीचा की ओहोटीचा, हे डोक्यात धरून ठेवावं लागतं. रोजची एक पूर्ण ओळ करा. नमुना असा : ‘१२ तारीख. भरती पहाटे ४ वाजून १० आणि दुपारी ४ वाजून ३५. ओहोटी सकाळी १० वाजून २२ आणि रात्री १० वाजून ४७.’ वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते, पण दर दिवशी सारखी नाही, म्हणून ‘कालच्यावरून धरा’ असं सोडू नका. आठवड्याच्या सात ओळींचा एक संदेश पुरे. मोठ्या अक्षराची सोय ज्याच्या त्याच्या फोनमध्ये असते, मजकूर असला की ती आपोआप लागू होते. फोटोला होत नाही. १ जून ते ३१ जुलैच्या मासेमारी बंदीची सूचना, वादळाचा इशारा, हेही मजकुरातच पाठवा. बंदरावरच्या इशाऱ्याच्या बावट्याचा फोटो टाकला तर खाली इशाऱ्याचा क्रमांक लिहा.

प्रश्न : आंबा बागायतदारांच्या यादीत आम्ही एक्सेलमध्ये स्वीकारलेल्या पेट्यांना हिरवा आणि परत केलेल्यांना लाल रंग देतो. एका सभासदांना दोन्ही रंग सारखे दिसतात. रंग बदलले तर चालेल?
— बागायतदार संस्था, देवगड

उत्तर : रंग ठेवा, पण शेजारी एक स्तंभ वाढवा आणि त्यात ‘स्वीकारली’, ‘परत’ असे शब्द लिहा. लाल-हिरवा भेद न कळणं पुरुषांत बऱ्यापैकी आढळतं, आणि स्क्रीन रीडर पेशीचा (सेलचा) रंग आपणहून सांगत नाही.

तुमच्या फाइलमध्ये वर तीन ओळी एकत्र करून संस्थेचं नाव घातलं आहे, त्यामुळे तक्ता ए-४ पासून सुरू होतो. नाव शीटच्या टॅबला आणि फाइलला द्या, तक्ता ए-१ पासून सुरू करा, शीर्षकाची एकच ओळ ठेवा. पेशी जोडू नका. ‘डझन’ या एका शीर्षकाखाली ४, ५, ६ असे तीन स्तंभ जोडले आहेत, त्याऐवजी ‘४ डझनी पेट्या’, ‘५ डझनी पेट्या’ अशी पूर्ण नावं द्या. मध्ये रिकामी ओळ सोडू नका, ऐकणाऱ्याला यादी संपली असं वाटतं. मग कंट्रोल आणि टी दाबून त्याचा खरा तक्ता करा.

प्रश्न : शिष्यवृत्तीचा अर्ज वर्डमध्ये आहे, मुलं टिंबांवर नाव लिहितात. एका विद्यार्थिनीला माउस धरता येत नाही.
— महाविद्यालयीन लिपिक, चिपळूण

उत्तर : टिंबांची रांग काढून टाका. टाइप करताना ती पुढे सरकत जाते, आणि ऐकणाऱ्याला टिंबांचीच माळ ऐकू येऊ शकते. सगळ्यात सोपं म्हणजे गूगल फॉर्म. त्यात प्रत्येक रकान्याला प्रश्न जोडलेला असतो आणि टॅब कळीने पुढे जाता येतं. प्रश्न चित्रात घालू नका. तयार झाला की माउस बाजूला ठेवून टॅब, बाण, स्पेस आणि एंटर एवढ्यावर तुम्ही स्वतः पहिल्या रकान्यापासून ‘सबमिट’पर्यंत पोहोचता का ते पाहा. वेळेची मर्यादा असेल तर काढा.

प्रश्न : आम्ही कोकम आणि फणसप्रक्रियेचे प्रशिक्षण व्हिडिओ करतो. कर्णबधिर प्रशिक्षणार्थींसाठी आपोआप येणारी अक्षरं पुरतात का?
— प्रशिक्षण केंद्र, कुडाळ

उत्तर : पुरत नाहीत. मालवणी ढंगाच्या बोलण्यात ती फार चुकतात आणि नेमकं प्रमाण, तापमान, वेळ तिथेच गडबड होते. युट्यूबवर आपोआप आलेल्या अक्षरांची (कॅप्शन्सची) फाइल कच्चा मसुदा म्हणून घ्या आणि हाताने दुरुस्त करा. एका वेळी पडद्यावर दोनच ओळी ठेवा, वाक्य अर्थाच्या जागी तोडा. आवाजाला अर्थ असेल तर तोही लिहा : ‘कुकरची शिट्टी’, ‘यंत्र बंद पडल्याचा आवाज’. अनेक कर्णबधिरांची पहिली भाषा भारतीय सांकेतिक भाषा असते, मराठी दुसरी. म्हणून वाक्यं छोटी करा आणि शक्य तिथे दुभाषी घ्या. दुभाष्याची चौकट कोपऱ्यात टपालाच्या तिकिटाएवढी करू नका, बोटं आणि चेहरा दोन्ही स्पष्ट दिसायला हवेत.

प्रश्न : आमच्या होमस्टेचं दरपत्रक समुद्राच्या फोटोवर पांढऱ्या आणि पिवळ्या अक्षरांत आहे. दिसायला छान आहे, पण वयस्कर पाहुणे फोन करून दर विचारतात.
— घरगुती निवास चालवणाऱ्या वाचक, मालवण

उत्तर : ताई, पाहुण्यांना ते वाचता येत नाही म्हणूनच ते फोन करतात. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातला फरक (कॉन्ट्रास्ट) किमान ४.५ ला १ असावा, मोठ्या अक्षराला ३ ला १ चालतो. शुद्ध पिवळं अक्षर पांढऱ्यावर ठेवलं तर हे प्रमाण फक्त १.०७ येतं, आणि लाटेचा फेस पांढराच असतो. भडक लाल पांढऱ्यावर जेमतेम ४ पर्यंत पोहोचतं, म्हणजे तेही थोडं कमी. गडद लाल चालतं. काळं अक्षर पिवळ्यावर १९ च्या वर जातं. ‘कलर कॉन्ट्रास्ट ॲनालायझर’ या मोफत प्रोग्रॅमने दोन्ही रंग टिपून पाहता येतात. फोटो ठेवायचाच असेल तर अक्षरांखाली अपारदर्शक गडद पट्टी टाका.

आणि दर मजकुरातही द्या : खोलीचं भाडं, जेवणाचं ताट, शाकाहारी किती, सुरमई-पापलेटचं किती. त्याच मजकुरात अंगणापासून खोलीपर्यंत किती पायऱ्या आहेत, कठडा आहे का, न्हाणीघराच्या दाराची रुंदी किती सेंटिमीटर आणि कमोड आहे की नाही, हे टेपने मोजून लिहा. ‘दिव्यांगांसाठी सोयीचं’ असं लिहिण्यापेक्षा ‘तीन पायऱ्या, दार ७५ सेंटिमीटर’ यावरून चाकाची खुर्ची वापरणारा पाहुणा स्वतः ठरवू शकतो.